सल्ला : दहा कौशल्यांची पुस्तिका बाजूला ठेवा, एक खरे काम हाती घ्या

पत्र : मी जालना जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. यंदा मुख्याध्यापकांनी नववीच्या वेळापत्रकात 'जीवनकौशल्ये व कामाची पूर्वतयारी' असा आठवड्याला एक तास घातला आणि तो माझ्याकडे दिला. हाताशी एक पुस्तिका आहे. तिच्यात दहा कौशल्ये आणि प्रत्येकावर एक पाठ आहे. तीन पाठ झाले. मुले शांत बसतात, मला हवी ती उत्तरे देतात आणि तास संपला की सगळे विसरून जातात. पालकसभेत काही पालक म्हणाले, "हातोडी धरायला आम्ही पोरांना शाळेत पाठवत नाही." सहकारी विचारतात, दहावीच्या निकालाला याचा काय उपयोग? वर्गात 52 मुले आहेत, कार्यशाळा नाही, निधी नाही. काही मुले सुट्टीच्या दिवशी कापूस वेचायला, कुणी गॅरेजवर कामाला जातात. त्यांच्यासमोर 'कामाची तयारी' शिकवताना मलाच संकोच वाटतो. हा तास कसा घ्यावा आणि त्याचे मूल्यमापन कसे करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमची पुस्तिका सध्या कपाटात ठेवून द्या, हे मी पहिल्याच वाक्यात सांगतो, म्हणजे पुढचे सगळे त्या अनुषंगाने वाचता येईल. पुस्तिकेतील दहा कौशल्यांची यादी चुकीची आहे, असे माझे म्हणणे नाही. स्वतःची जाणीव, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणे, समस्या सोडवणे, प्रभावी संवाद, परस्परसंबंध, ताण हाताळणे आणि भावना हाताळणे ही यादी जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात मांडली आणि ती विचारपूर्वक केलेली आहे. मात्र मुलांबरोबर केलेल्या कामातून काय काय साधले, हे मोठ्यांनी तपासून पाहण्यासाठी ती उपयोगी आहे. शिकवण्याचा क्रम म्हणून ती चालत नाही. कोणतेही मूल जुलैत निर्णय घ्यायला आणि ऑगस्टमध्ये राग आवरायला शिकत नाही. प्रत्यक्षात ही दहाही कौशल्ये एकमेकांत गुंतून एकाच प्रसंगी लागतात, आणि तो प्रसंग वर्गात उभाच राहिला नाही, तर मुलांपुढे एकच काम उरते, ते म्हणजे बाईंना कोणते उत्तर हवे आहे ते ओळखणे. तुमची मुले तेच करीत आहेत आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

आपल्याकडे हा प्रयत्न पहिल्यांदा होत नाही. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. त्याआधीच, 1919 मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेतून कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा विचार महाराष्ट्रात रुजवायला घेतला होता. पुढे 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा भाग असावा अशी शिफारस केली, आणि कार्यानुभव हे नाव आपल्या वेळापत्रकात आले. ते पुढे कसे आटत गेले, हे तुम्ही-आम्ही शाळांमधून पाहिलेच आहे. बहुतेक ठिकाणी त्या तासाला कागदी फुले आणि आकाशकंदील झाले, फाइल पूर्ण झाली, श्रेणी मिळाली. त्या फुलांची गरज कुणालाच नव्हती, म्हणून ती वाकडी झाली काय अन् सरळ झाली काय, कुणाला फरक पडला नाही. कामातून शिकणे घडते ते नेमके या फरक पडण्यामुळे, असे माझे ठाम मत आहे, आणि तुमच्या तासाची उभारणी तुम्ही त्यावरच करावी.

तेव्हा माझा सल्ला असा. या सत्रात एकच काम निवडा. ते खरे असावे, म्हणजे ते झाले नाही तर कुणाचे तरी अडेल. ते मुलांच्या हातात मावणारे असावे. आणि बिघडले तर होणारे नुकसान शाळेला सोसवेल इतके लहान असावे. तुमच्या शाळेतही मोडके बाक असतीलच, असे मी धरून चालतो. लोखंडी अँगलच्या सांगाड्यावरची प्लायची फळी फुगलेली, नट-बोल्ट सैल झालेले, एक पाय आखूड असल्याने खाली विटेचा तुकडा सरकवलेला, असे बाक प्रत्येक शाळेच्या व्हरांड्यात एकावर एक रचून ठेवलेले आढळतात. नववीच्या वर्गाने पाचवीच्या किंवा आठवीच्या मुलांसाठी असे सहा-सात बाक दुरुस्त करून द्यायचे, एवढे एक काम एका सत्राला पुरून उरते.

ते कसे पुरते, हे जरा तपशिलाने सांगतो, कारण मुख्याध्यापकांना आणि सहकाऱ्यांना पटवताना तुम्हाला हाच तपशील उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न मोजण्याचा येतो. 'असर' या ग्रामीण भागातील शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या उपक्रमाने 2023 मध्ये 26 राज्यांतील 28 जिल्ह्यांत 14 ते 18 वयोगटातील सुमारे 34,700 मुलामुलींची पाहणी केली होती. त्यात एखादी वस्तू मोजपट्टीच्या शून्यावर ठेवून दाखवली तेव्हा जवळजवळ 85 टक्के मुलांनी तिची लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू शून्यापासून पुढे सरकवून ठेवली तेव्हा बरोबर उत्तर देणारी मुले 39 टक्क्यांवर आली. गणिताच्या शिक्षिकेला या दोन आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. मुलांना वजाबाकी येते, पण समोरची लांबी ही वजाबाकी आहे, हे त्यांना दिसत नाही. आता तुमच्या वर्गातील सहा जणांच्या गटाकडे एक स्टीलचा टेप द्या आणि एकाच बाकाची लांबी प्रत्येकाला स्वतंत्रपणे मोजून लिहायला सांगा. सहा उत्तरे येतील. कुणी इंचाची बाजू वाचलेली असेल, कुणी टेप तिरपा धरलेला असेल. एखादी मुलगी तुमच्याकडे येऊन सांगेल की टेपच्या टोकाची पत्र्याची आकडी हलते आहे, म्हणजे टेप खराब आहे. तेव्हा घाई न करता तिलाच शोधायला लावा. ती आकडी मुद्दाम सैल बसवलेली असते आणि ती स्वतःच्या जाडीइतकीच मागेपुढे होते, म्हणजे टेप वस्तूच्या कडेला अडकवून बाहेरून मोजले किंवा भिंतीला टेकवून आतून मोजले, तरी माप बरोबर येते. सुताराला विचारले तर तो हे एका वाक्यात सांगेल, पण मुलीने ते स्वतः शोधून काढले तर मोजमापाविषयी तिचा विश्वास किती वाढतो, ते तुम्ही पाहालच.

त्यानंतर प्लायचा हिशेब. 8 फूट बाय 4 फुटांच्या एका तक्त्यातून 4 फूट लांब आणि 1 फूट रुंद अशा किती फळ्या निघतील, असे विचारले की वर्ग एका आवाजात 'आठ' म्हणेल, आणि क्षेत्रफळाच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. मात्र करवतीच्या पात्यालाही जाडी असते. एका कापात 3 मिलिमीटर लाकडाचा भुगा होतो असे धरले, तर 4 फूट रुंदीतून चार पट्ट्या काढताना तीन काप द्यावे लागतात आणि शेवटची पट्टी 9 मिलिमीटरने अरुंद निघते. हे फळ्यावर सांगू नका, तक्ता कापला जाईपर्यंत थांबा. अरुंद फळी हातात आली की गटात वाद होईल, कुणी कुणावर चूक ढकलेल, एखादा रुसून बाजूला बसेल. त्या क्षणी आपल्याला ओरडावेसे वाटते किंवा आपणच मार्ग सांगून मोकळे व्हावेसे वाटते. कृपया दोन्ही टाळा. "आता या फळीचे काय करता येईल?" एवढेच विचारा. ती पाय ठेवण्याच्या पट्टीला लावता येईल का, सगळ्याच फळ्या थोड्या अरुंद घेतल्या तर बाक सारखे दिसतील का, की तक्ता आणतानाच दुकानातील मशीनवर कापून घ्यायला हवा होता, यावर मुले बोलू लागली की पुस्तिकेतले निदान पाच पाठ त्या अर्ध्या तासात होऊन जातात, आणि त्यांची नावेही घ्यावी लागत नाहीत.

संवादाचा भाग तर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साहित्याचे दर काढण्यासाठी मुलांनाच दुकानात फोन करू द्या, तुमच्या समोर आणि स्पीकर लावून. वर्गात धीटपणे बोलणारा मुलगा फोनवर "हॅलो, प्लायचा रेट काय आहे?" असे विचारतो. पलीकडून येते, "कोणता? कमर्शियल की वॉटरप्रूफ? किती एमएम? किती शीट?" आणि मुलगा गप्प होतो, कारण आपल्याला नेमके काय हवे आहे, हे गटाने ठरवलेलेच नसते. फोन ठेवल्यावर तीच मुले स्वतःहून कागद-पेन्सिल घेऊन बसतात : आधी आपले नाव आणि शाळेचे नाव सांगायचे, मग वस्तू, जाडी, नग, पोहोच करून मिळेल का, पक्की पावती मिळेल का, आणि शेवटी दर पुन्हा वाचून दाखवून खात्री करून घ्यायची. दुसरा फोन पहिल्यापेक्षा चांगला होतो. शाळेच्या खरेदीला तीन दरपत्रके लागतात, हे तुम्हाला माहीतच आहे. ती तीन दरपत्रके मुलांनी मागवावीत, त्यांचा तुलनात्मक तक्ता करावा, आणि सर्वांत कमी दराचे दुकान घ्यावे की थोडे महाग पण परत घेण्याची हमी देणारे घ्यावे, याची शिफारस मुख्याध्यापकांकडे लेखी करावी. अंतिम निर्णय मुख्याध्यापकांचा राहील, तो तसाच असावा, पण शिफारस नाकारली तर तिचे कारण त्यांनी मुलांना सांगावे, एवढी विनंती त्यांना आधीच करून ठेवा.

यासाठी कार्यशाळा लागत नाही. दोन टेप, काटकोन तपासण्याचा एक गुण्या, दोन करवती, पक्कड, पान्यांचा एक संच, स्क्रू ड्रायव्हर, कानस, पॉलिश पेपर आणि एक हातड्रिल इतक्या साहित्यावर काम सुरू होते, आणि यातील निम्मे गावात कुणाच्या तरी घरी असतेच. उसने आणलेल्या हत्याराची नोंद मुलांनी वहीत करावी, परत देताना सही घ्यावी. 52 मुले एकाच वेळी बाकाभोवती उभी करू नका. दोन गट हत्यारांवर, बाकीचे गट इतर कामांवर असे फिरते ठेवा. एक गट शाळेचे वीजबिल घेऊन बसेल आणि स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क हे शब्द म्हणजे काय, गेल्या वर्षभरात कोणत्या महिन्यात युनिट वाढले आणि का, ते शोधेल. एक गट प्रथमोपचार पेटी उघडून कोणत्या औषधाची मुदत संपली ते पाहील, आणखी एक गट खरेदीचा जमाखर्च ठेवील. विजेच्या चालू जोडणीला मात्र मुलांचा हात लागू देऊ नका. बोर्ड जोडण्याचा सराव पुरवठ्यापासून पूर्ण वेगळ्या केलेल्या सुट्या बोर्डावरच व्हावा. कापताना आणि भोक पाडताना डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि सैल ओढणी व मोकळे केस बांधून घेतल्याशिवाय कुणी ड्रिलजवळ जाणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून कडक ठेवा. वेळापत्रकातील एक सुटा तास पुरणार नाही. पंधरवड्याला दोन तास जोडून मिळतील का, ते मुख्याध्यापकांना विचारा, कारण पस्तीस मिनिटांत हत्यारे काढून पुन्हा ठेवण्यातच वेळ जातो.

तुम्ही सुतारकाम शिकून घेण्याची गरज नाही. गावातील सुताराला बोलवा, आणि मानधन देऊन बोलवा. फुकट बोलावले की आपण मुलांना नकळत एक धडा देतो, की हाताच्या कामाला मोल नसते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे म्हटले आहे. महाराष्ट्रात याहून जुने आणि अधिक भक्कम उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून 'मूलभूत तंत्रज्ञान' हा आठवी ते दहावीचा विषय उभा राहिला आणि त्याला माध्यमिक शिक्षण मंडळाची मान्यता मिळाली. आठवड्यातील एक दिवस, आणि त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशी चार क्षेत्रे. शिकवायला गावातलेच, ते काम येणारे निदेशक, आणि शिकता शिकता गावाला सेवा द्यायची. जनावराच्या छातीचा घेर आणि शरीराची लांबी टेपने मोजून त्याच्या वजनाचा अंदाज काढणारा मुलगा भूमितीतील वृत्तचिती, म्हणजे दंडगोल, कधी विसरेल, असे मला वाटत नाही. तुमच्या मुख्याध्यापकांना पाबळला एकदा भेट द्यायला सुचवा. शक्य असल्यास पालक-शिक्षक संघातील दोन पालकांनाही बरोबर घ्या.

आता पालकांविषयी. "हातोडी धरायला पाठवत नाही" या वाक्यामागे अज्ञान आहे, असे समजू नका. ज्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या हातोडी, रापी किंवा खुरपे हातात आले आणि पुस्तक कधी आले नाही, त्यांनी शाळेकडे त्यातून सुटण्याची वाट म्हणून पाहिले आहे, आणि ती वाट शाळाच पुन्हा जुन्या दारात नेऊन सोडते की काय, अशी त्यांना भीती वाटते. ही भीती इतिहासातून आलेली आहे आणि तिचा मान ठेवलाच पाहिजे. म्हणून दोन गोष्टी तुम्ही पालकसभेत शब्दांत सांगा आणि वर्गात काटेकोर पाळा. पहिली, प्रत्येक काम प्रत्येक मूल करील. आडनाव पाहून, घरचा धंदा पाहून, मुलगा की मुलगी पाहून कामे वाटली जाणार नाहीत. करवत मुलीही चालवतील. बटण टाकणे, भाजी निवडणे, वर्ग झाडणे हे मुलेही करतील. दुसरी, या तासाचा हेतू कुणाला सुतार करण्याचा नाही. ज्या मुलीने दरपत्रक मागवले, हिशेब जुळवला आणि चुकलेली फळी मार्गी लावली, ती पुढे डॉक्टर झाली, तलाठी झाली किंवा स्वतःचा व्यवसाय काढला, तरी हे तिच्या कामाला येईल. आणि जी मुले दहावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला जातील, ती आपल्या आवडीने निवड करून जातील. गुण कमी पडले म्हणून गेलो, असे त्यांना वाटणार नाही. दुरुस्त झालेला बाक पालकांना दाखवा, पण त्याबरोबर मुलांनी ठेवलेला जमाखर्चही दाखवा. माझा अनुभव असा, की पालकांचा विरोध त्या हिशेबाच्या पानापाशी मावळतो.

सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर तर त्यांच्याच पाठ्यपुस्तकांत आहे. नववीच्या आणि दहावीच्याही गणितात 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे. नववीला बचत, गुंतवणूक आणि आयकर, दहावीला जीएसटी. हार्डवेअर दुकानाच्या पक्क्या पावतीवर केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा-निम्मा दिसतो, तो मुलांनी स्वतः ताडून पाहिला तर पुढच्या वर्षीच्या प्रकरणाची निम्मी तयारी इथेच होते. मराठीच्या उपयोजित लेखनात मागणीपत्र आणि तक्रारपत्र असते. वर्षानुवर्षे मुले काल्पनिक दुकानदाराला काल्पनिक पुस्तकांची मागणी करीत आली आहेत. यंदा ते पत्र खऱ्या दुकानाला जाऊ द्या, आणि त्यात जाडी लिहायची राहिली म्हणून चुकीचा माल आला, तर तक्रारपत्रही खरेच लिहावे लागेल. मराठीच्या शिक्षकांना या दोन पत्रांची जबाबदारी घ्यायला सांगा. ते नाही म्हणणार नाहीत.

तुमच्या संकोचाकडे मी मुद्दाम शेवटी शेवटी येतो आहे, कारण तो मला तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा भाग वाटला. जी मुले आधीच राबतात, त्यांना कामाची तयारी काय शिकवायची? कष्टाची सवय, वेळ पाळणे, वरिष्ठांचे ऐकणे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना माहीत नसते ते काम करणाऱ्याचे हक्क, आणि कामाच्या तयारीच्या नावाखाली आपण नेमके तेच वगळतो. नम्रपणा, टापटीप, मुलाखतीला कसे बसावे हे सगळे शिकवतो, पण मजुरी बुडाली तर काय करायचे, हे शिकवत नाही. हे मला मनापासून खटकते. 2016 च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीच्या कायद्यानुसार 14 वर्षांखालील मुलाला कोणत्याही मजुरीला ठेवता येत नाही; शाळेची वेळ सोडून घरच्या कामात मदत करणे हा त्यातला एक अपवाद आहे. 14 ते 18 वयातील मुलांना खाणी, स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थ यांसारख्या धोकादायक कामांवर ठेवता येत नाही. हे नववीच्या प्रत्येक मुलाला माहीत असले पाहिजे. शाळेने मुलांना अनुभवासाठी एखाद्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये पाठवायचे ठरवले, तर पालकांची लेखी संमती, ठरलेले मोजके तास आणि शिक्षकाची प्रत्यक्ष भेट या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय पाठवू नका, नाहीतर अनुभवाच्या नावाखाली फुकटची मजुरी होते.

एक तास पगारपत्रकासाठी द्या. 12,000 रुपये मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून, इतर भत्ते नाहीत, असे धरा. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,440 रुपये, कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) 0.75 टक्के म्हणजे 90 रुपये आणि पुरुष कामगाराचा व्यवसाय कर 200 रुपये वजा केले, की हातात 10,270 रुपये येतात. मग मुलांना विचारा : कापलेले 1,440 रुपये गेले कुठे? मालकानेही त्यात आपला वाटा भरायचा असतो, कामगाराला त्याचा खातेक्रमांक असतो, आणि पैसे खरोखर भरले की नाही हे तो स्वतः पासबुकात पाहू शकतो, हे ऐकून तुमच्या वर्गातील कितीतरी मुले घरी जाऊन वडिलांना आणि मोठ्या भावाला प्रश्न विचारतील. त्याच ओघात फसवणुकीचेही सांगा. नोकरी लावतो म्हणून आधी 'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागणारा, ओटीपी मागणारा, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणारा माणूस नोकरी देणारा नसतो, आणि ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करायची. आधार, जन्मदाखला आणि शाळेच्या नोंदवहीतील नाव, आडनाव, जन्मतारीख तंतोतंत जुळते का, हेही याच वर्षी तपासून घ्या. 15 व्या वर्षी आधारमधील बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद अद्ययावत करणे बंधनकारक असतेच. दहावीच्या प्रमाणपत्रावर चुकीचे नाव छापून आल्यावर धावपळ करण्यापेक्षा नववीतला एक तास यावर गेलेला बरा.

गॅरेजवर जाणाऱ्या मुलाला वर्गापुढे उभे करून "तू काम करतोस ना, सांग" असे मात्र करू नका. गरिबी उघडी पडली की मूल मिटते. त्याच्या हातात पाना द्या. कोणत्या बोल्टला कोणता पाना लागतो आणि गंजलेला नट कसा सोडवायचा, हे तो दाखवील आणि गट आपोआप त्याच्याकडे वळेल.

काम करता करता मुले बोलू लागतात, आणि कधी एखादे मूल घरातील मारहाण, लग्नाची बोलणी किंवा त्याहून गंभीर काही सांगते. त्या वेळी समुपदेशक होण्याचा प्रयत्न करू नका. शांतपणे ऐकून घ्या, 'कुणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नका, आणि 1098 या बालकांसाठीच्या हेल्पलाइनची मदत घ्या. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास पोक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणे बंधनकारक आहे, शाळेचे नाव खराब होईल असे कुणीही म्हणाले तरी.

मूल्यमापनासाठी लेखी परीक्षा घेऊ नका आणि 'सहकार्यवृत्ती : उत्तम' असे शेरेही लिहू नका. प्रत्येक मुलाची एक कामाची वही असावी आणि तिच्यात दर वेळी समोरासमोर दोन रकाने भरावेत : काय ठरवले होते, आणि प्रत्यक्षात काय झाले. अंदाज 1,800 रुपयांचा होता, खर्च 2,150 झाला, फरक का पडला. एका फळीला एक तास लागेल असे वाटले होते, अडीच लागले, का. सत्राच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या पानांवरील हे फरक तुम्ही शेजारी ठेवून पाहा. अंदाज प्रत्यक्षाच्या जवळ येऊ लागले असतील, आणि फरकाची कारणे दुसऱ्यावर ढकलण्याऐवजी नेमकी लिहिली जात असतील, तर मूल शिकले आहे. त्यावरून इतर श्रेणी विषयांप्रमाणे श्रेणी द्या. वर्षाअखेर प्रत्येकाला एका पानाचा दाखला द्या, ज्यात विशेषणे नसतील, फक्त त्याने किंवा तिने केलेल्या कामांची यादी असेल. बाक दिल्यानंतर महिनाभराने ज्या वर्गाला ते दिले, त्या वर्गाचे म्हणणे लेखी घ्या. एखादा बाक पुन्हा डुगडुगत असेल, तर ज्या गटाने तो केला, त्याच गटाने जाऊन तो नीट करून द्यावा, आणि वहीत तेही लिहावे.

आरंभ येत्या आठवड्यापासूनच करा. पहिल्या तासाला काहीही दुरुस्त करू नका. फक्त मोडके बाक मोजा, प्रत्येकाला खडूने क्रमांक घाला आणि प्रत्येकात काय बिघडले आहे याची यादी करा. दुसऱ्या तासाला कोणते सहा आधी घ्यायचे ते वर्गाने ठरवावे आणि मुख्याध्यापकांच्या नावे परवानगीचा व खर्चाच्या मंजुरीचा अर्ज मुलांनीच लिहावा. तुम्ही फक्त तारीख आणि विषय बरोबर आहे ना ते पाहा, आणि अर्ज कार्यालयात देताना त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक घालून घ्यायला त्यांना सांगा.